गुलमंडीचा कापडबाजार आणि विद्यार्थ्याचा खिसा

छत्रपती संभाजीनगरात शिकायला आलेल्या मुलामुलींची कपडेखरेदी बहुधा पैठण गेटपासून टिळक पथाने गुलमंडीपर्यंत आणि तिथून औरंगपुऱ्याकडे वळणाऱ्या गल्ल्यांतच होते. बीड, जालना, परभणी, हिंगोलीकडून आलेल्या विद्यार्थ्याच्या हातात खोलीभाडे, मेस आणि अभ्यासिकेची फी देऊन झाल्यावर जे उरते, त्यात मॉलमधली एक जीन्स जेमतेम बसते; आणि एका जीन्सने सेमिस्टर निघत नाही. म्हणून या पट्ट्याचे परीक्षण मी एकाच प्रश्नापुरते करणार आहे: सेमिस्टरला दीड-दोन हजार रुपयांत, वर्गात, सेमिनारला आणि मुलाखतीला सारखेच शोभतील असे कपडे इथे मिळतात का? माझे उत्तर होकारार्थी आहे, मात्र ते दर्शनी भागात टांगलेल्या तयार कपड्यांच्या भरवशावर दिलेले नाही. या बाजाराची खरी ताकद कटपीसच्या, म्हणजे ताक्यांचे उरलेले तुकडे विकणाऱ्या दुकानांत आणि त्यांच्या आसपास मशीन टाकून बसलेल्या शिंप्यांत आहे, आणि विद्यार्थ्यांची नजर नेमकी तिथे सर्वांत कमी जाते.

बाजाराची रचना आधी समजून घेतलेली बरी. पैठण गेटच्या बाजूने आत शिरले की प्रथम लागतात त्या टी-शर्ट, ट्रॅक पँट, जीन्स आणि बेल्ट विकणाऱ्या हातगाड्या आणि छोटी दुकाने. टिळक पथावर तयार कपड्यांची मोठी दुकाने आहेत, गुलमंडीच्या आसपास साड्या आणि लग्नाचा बस्ता बांधण्याची जुनी ठिकाणे आहेत, तर कटपीस, अस्तर, बटणे, चेन, लेस असा शिवणकामाचा माल आतल्या बाजूला, रंगारगल्ली आणि औरंगपुऱ्याच्या दिशेने शोधावा लागतो. दुचाकी आणण्याचा मोह टाळावा, कारण ती उभी करायला जागा शोधण्यातच खरेदीचा उत्साह संपतो; क्रांती चौकाकडून येणारी शेअरिंग रिक्षा पैठण गेटजवळ सोडते, तिथून पुढे पायीच बरे. रविवारी आणि सणाच्या आधीच्या आठवड्यात इथे कापड हातात घेऊन पाहण्याइतकीही उसंत मिळत नाही. आठवड्यातल्या मधल्या एखाद्या दिवशी, दुकाने नुकतीच उघडलेली असताना गेले, तर दुकानदार चार ताके अधिक उलगडून दाखवतो आणि भावातही थोडा सैल असतो.

तयार कपड्यांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. गाडीवरचा दोनशे-अडीचशेचा टी-शर्ट घरी वापरायला ठीक आहे. धुतल्यावर त्याची बाजूची शिवण पिळत पिळत पोटावर येते, कारण कापड सरळ धाग्यावर कापलेले नसते. नामांकित ब्रँडचे चिन्ह लावलेली नक्कल सर्रास मिळते आणि विक्रेते तिला निःसंकोचपणे ‘फर्स्ट कॉपी’ म्हणतात. छातीवर दुसऱ्याच्या कंपनीचे खोटे नाव मिरवण्यापेक्षा कोरा शर्ट कितीतरी भारदस्त दिसतो, असे माझे स्पष्ट मत आहे. तरीही तयार शर्ट घ्यायचाच असेल, तर तो उलटा करून पाहावा. आतल्या शिवणीत सोडलेली माया, म्हणजे शिवणीपलीकडचे जादा कापड, अर्ध्या बोटाएवढेही नसेल, तर तो पुढे सैल करता येणार नाही. चौकड्यांचा शर्ट असेल, तर खिशावरच्या चौकडी छातीवरच्या चौकडीशी जुळतात का, आणि पुढची बटणपट्टी लावल्यावर आडव्या रेघा एका ओळीत येतात का, एवढे पाहिले की शिवणाऱ्याने कापड वाचवले आहे की काम नीट केले आहे, हे लगेच कळते. बाकी, २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या कपड्यांवर जीएसटी ५ टक्केच आहे, त्यामुळे ‘पक्के बिल घेतले तर खूप वाढेल’ हा धाक विद्यार्थ्याच्या खरेदीत फारसा टिकत नाही.

आता कटपीस. गिरणीतून आलेल्या ताक्यांचे उरलेले तुकडे, रंगात किंचित फरक पडल्यामुळे बाजूला काढलेला माल आणि मोठ्या दुकानांतून न खपलेले कापड या दुकानांत येते. माल ठरावीक नसतो. या आठवड्यात दिसलेला गडद हिरवा लिननमिश्रित तुकडा पुढच्या आठवड्यात असेलच असे नाही. त्यामुळे येथे यादी करून येणाऱ्यापेक्षा आपल्याला काय शोभते हे ठाऊक असलेल्या ग्राहकाचे काम लवकर होते. मला शर्टाचे बरे सुती कापड साधारण दीडशे ते दोनशे रुपये मीटरने मिळाले. भाव विचारताना पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारायला विसरू नये, कारण सगळा हिशेब त्यावर फिरतो. ३६ इंच पन्ह्याच्या कापडातून पूर्ण बाह्यांच्या शर्टाला सव्वादोन मीटरच्या आसपास लागते, तर ५८ इंच पन्ह्यातून १.६ मीटरमध्ये काम होते. म्हणजे दीडशे रुपये मीटरचे अरुंद कापड आणि दोनशे रुपये मीटरचे रुंद कापड यांचा एका शर्टापुरता खर्च जवळजवळ सारखाच येतो. स्वस्त वाटणारा तुकडा स्वस्त असतोच असे नाही. पँटला ५८ इंच पन्ह्याचे सव्वा मीटर बहुतेकांना पुरते. उंची जास्त असेल तर शिंप्याला आधी विचारावे, कारण कमी पडलेल्या तुकड्याला जोड मिळत नाही.

दुकानदार ‘प्युअर कॉटन आहे’ असे प्रत्येक तुकड्याबद्दल सांगतो. त्याच्याशी वाद घालण्याचे कारण नाही, कडेचा एक धागा ओढून मागावा आणि बाहेर येऊन काडीवर धरावा. सूत कागदासारखे जळते आणि बोटाने चुरगळणारी राख उरते. पॉलिस्टर वितळते आणि टोकाला काळा कडक मणी धरते. मिश्र कापडात दोन्ही खुणा दिसतात. मिश्र कापड वाईटच, असे मी म्हणणार नाही. त्याला इस्त्री कमी लागते आणि वसतिगृहात इस्त्रीसाठी प्लग मोकळा मिळणे हीच एक परीक्षा असते. पण एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीसच्या पुढे गेल्यावर पॉलिस्टरचा अंश जास्त असलेला शर्ट दुपारच्या तासाला अंगाला चिकटतो, आणि ज्या मुलखात कापूस पिकतो तिथल्या पोरांनी उन्हाळ्यात पॉलिस्टर घालून घामाघूम व्हावे, ही मला चमत्कारिक गोष्ट वाटते. कापड घेण्यापूर्वी दुकानाच्या पायरीवर, उन्हात, रंग पाहावा. आतल्या पांढऱ्या दिव्यांखाली काळा, गडद निळा आणि राखाडी एकमेकांत सहज खपून जातात. सुती तुकडा शिवायला टाकण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवावा. पहिल्या धुण्यात तो आटतो. तो शिवल्यानंतर आटण्यापेक्षा आधीच आटलेला परवडतो.

या बाजाराला माझ्याकडून सर्वांत जास्त गुण मिळतात ते शिंप्यांमुळे. ज्यांच्याकडे मी जातो ते मास्तर एका कटपीसच्या दुकानाच्या जिन्याखाली बसतात. मशीन, माप लिहायची वही आणि वर लोंबणारा एक बल्ब, एवढाच पसारा. माप घेताना ते प्रथम माणसाला सरळ उभे करत नाहीत, ‘रोज उभे राहता तसे उभे राहा’ असे सांगतात आणि मागे जाऊन खांदे पाहतात. उजव्या खांद्याला बॅग अडकवून माझा तो खांदा अंमळ उतरला आहे, हे त्यांनी टेप लावण्याआधीच सांगितले आणि वहीत त्या बाजूला छोटीशी खूण केली. शर्ट आला तेव्हा कॉलर दोन्हीकडे सारखी बसली होती. आजवर घातलेल्या प्रत्येक तयार शर्टाची कॉलर एका बाजूला का ओढते, हे मला तेव्हा उमगले. कॉलरमध्ये बकरम (आत घालायचे अस्तर) कडक हवे की मऊ, कफ एका बटणाचा की दोन बटणांचा, खिसा हवा की नको, शर्टाचा घेर खोचण्यासाठी ठेवायचा की बाहेर सोडण्यासाठी, असे प्रश्न ते विचारतात. विद्यार्थ्याने या प्रश्नांची उत्तरे आधी ठरवून जावे, नाहीतर उत्तर मास्तर ठरवतात आणि मग शर्ट त्यांच्या पिढीचा निघतो. शिलाई साडेतीनशेच्या घरात जाते. कापड धरून शर्ट साडेसहाशे ते सातशेच्या दरम्यान पडतो, आणि तेवढ्याच पैशांत मिळणाऱ्या तयार शर्टाशी त्याची तुलना करण्यात अर्थ नाही, कारण हा शर्ट एकाच माणसासाठी कापलेला असतो.

फुटपाथवर नुसती दुरुस्ती करून देणारे कारागीर हा याच सेवेचा आणखी स्वस्त प्रकार. पँटची लांबी, कमरेचा घेर, शर्टाच्या बाजू आणि बाह्यांची रुंदी हे काम पन्नास ते शंभर रुपयांत, बहुधा आपण चहा घेऊन येईपर्यंत होते. काय होऊ शकते आणि काय होऊ शकत नाही याबाबत ही मंडळी सडेतोड असतात. सवलतीत मिळाला म्हणून एक मोठ्या मापाचा शर्ट मित्राने पुढे केला, तेव्हा त्यातल्या एकाने तो नुसता हातात धरून परत दिला. ‘दादा, पोटातून सांगाल तेवढा घेतो, पण खांद्याचं काम माझ्याकडं आणू नका. खांदा उतरला की शर्ट मामाचा दिसतो.’ तयार कपडे घेणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य लक्षात ठेवावे. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर बसत असेल तर बाकी सगळे दुरुस्त होते. ती दंडावर घसरत असेल तर शर्ट कितीही स्वस्त असो, तो दुकानातच राहू द्यावा. अंगाला नीट बसलेला चारशेचा शर्ट ढगळ दीड हजाराच्या शर्टापेक्षा उजवा दिसतो, हे मी या फुटपाथवरच शिकलो.

पोशाखाची स्वतःची ठेवण कशी घडवावी याबद्दल मोबाईलवर मिळणारे सल्ले बहुतांशी दुसऱ्या हवामानातले आणि दुसऱ्या नळाचे असतात. ‘प्रत्येकाकडे पांढरा शर्ट हवाच’ हा त्यातला अग्रगण्य. ज्या शहरात जायकवाडीचे पाणी नळाला दिवसाआड नव्हे तर अनेक दिवसांनी येते आणि एरवी बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्यावर भागवावे लागते, तिथे पांढरा शर्ट ही चैन आहे. जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, कॉलरचा मळ निघत नाही आणि काही महिन्यांत पांढऱ्याचा पिवळट मळकट रंग होतो. एक पांढरा शर्ट मुलाखतीसाठी राखून ठेवावा, रोजच्यासाठी या बाजारातून फिकट निळा, मातकट, ऑलिव्ह आणि गडद निळा असे तीन-चार रंग निवडावेत आणि पँट दोनच ठेवाव्यात, एक गडद निळी आणि एक राखाडी किंवा खाकी. हे सगळे शर्ट त्या दोन्ही पँटवर चालतात, त्यामुळे मोजक्या कपड्यांतही सलग दोन दिवस तोच वेश दिसत नाही. वर्गात ज्यांचे कपडे नेहमी नेटके वाटतात अशी मुले पाहिली, तर त्यांच्याकडे कपडे फार नसतात. त्यांनी एक कॉलर, एक घेर आणि काही रंग पक्के केलेले असतात आणि ते तेच पुन्हा पुन्हा शिवून घेतात. इथल्या मास्तरांच्या वहीत आपले माप राहते, म्हणून हे शक्य होते. पुढच्या वेळी कापड टाकून ‘मागच्यासारखाच’ एवढे सांगितले की पुरते.

मुलींसाठी या बाजाराचे गणित थोडे वेगळे आहे, आणि ते मी सोबत शिकणाऱ्या मैत्रिणींकडून नीट समजून घेतले. ड्रेस मटेरियलचे वैविध्य भरपूर आहे आणि सुती टॉप, सलवार, ओढणी असा संच पाचशेच्या आतही मिळतो. परंतु नेहमीच्या संचाची सवय सोडून नुसते कुर्त्याचे कापड घ्यावे आणि दोन गडद सलवारी किंवा पँटवर पाच कुर्ते फिरवावेत, हा त्यांचा अनुभव मला पटला. ओढणी आणि सलवार प्रत्येक संचाबरोबर पुन्हा विकत घेण्यात बराच पैसा अडकतो. शिवून घेताना कुर्त्याला बाजूचा खिसा अवश्य सांगावा. सांगितले नाही तर कुणीही तो आपणहून ठेवत नाही आणि मग बसच्या तिकिटापासून मोबाईलपर्यंत सगळे हातात धरून फिरावे लागते. बाजारातल्या पुरुष शिंप्यांकडे माप देणे अनेकींना नको वाटते. अशा वेळी नीट बसणारा जुना कुर्ता मापासाठी देण्याची पद्धत रूढ आहे, पण त्यात मूळ कुर्त्याचे दोषही नव्यात उतरतात. सिडको-हडको भागात घरी शिवणकाम करणाऱ्या ताई हा त्यापेक्षा चांगला मार्ग आहे. कापड गुलमंडीतून आणि शिलाई घराजवळ, अशी फोड बहुतेकींनी केलेली दिसते.

मराठवाड्याच्या स्वतःच्या कापडाबद्दल दोन शब्द. राष्ट्रध्वजासाठी लागणारी खादी उदगीरला विणली जाते आणि नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत तिचे ध्वज तयार होतात, हे अभिमानाने सांगणारे पुष्कळ भेटतात, पण स्वतः खादी घालणारे विद्यार्थी थोडे. वास्तविक उन्हाळ्यासाठी खादीच्या कुर्त्यासारखा दुसरा कपडा नाही, आणि गांधी जयंतीच्या सुमारास खादी भांडारांत सवलत लागते तेव्हा तो विद्यार्थ्यालाही जड जात नाही. मात्र खळ देऊन इस्त्री करण्याची तयारी नसेल, तर खादी तासाभरात चुरगळते आणि मग साधेपणा न दिसता आळस दिसतो. हिमरू या इथल्या जुन्या विणीच्या कापडाचे दुखणे वेगळे आहे. सुती ताणा (उभे धागे) आणि रेशमी बाणा (आडवे धागे) असलेली हातमागावरची खरी हिमरू विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरची आहे आणि पर्यटकांसमोर हिमरू म्हणून मांडल्या जाणाऱ्या मालात यंत्रमागाचाच भरणा असतो. दोनशे रुपयांची शाल हिमरू नसते, एवढे समजून मग ती रंग आवडला म्हणून खुशाल घ्यावी.

दोष सांगायचे तर पहिला मान वेळेचा. शिंप्याने दिलेली तारीख ही तारीख नसून इच्छा असते, आणि लगनसराईत तर विद्यार्थ्याचा एक शर्ट नवरदेवाच्या सुटांखाली गाडला जातो. एका दुकानात मला मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी काज न केलेला शर्ट हातात मिळाला होता. त्यामुळे गरजेच्या तारखेपूर्वी किमान पंधरवड्याची सवड ठेवावी, किंवा सरळ आषाढात जावे. लग्नाचे मुहूर्त फारसे नसल्याने तेव्हा मास्तर मोकळे असतात, कापडाचे भाव उतरलेले असतात आणि नवे शैक्षणिक वर्षही तेव्हाच सुरू झालेले असते. दुसरा दोष कपडे अंगावर घालून पाहण्याच्या सोयीचा: छोट्या दुकानांत ती जवळजवळ नाही, आणि जिथे आहे तिथे पडदा अर्धवट आणि आरसा अरुंद. ‘बदलून मिळेल, पैसे परत नाहीत’ हा फलक सर्वत्र असला, तरी बदलून मिळण्याची मुदत आणि अटी तोंडी असतात; त्या बिलावर लिहून घ्याव्यात. ऑनलाइन खरेदीत परत करण्याची सोय निश्चितच चांगली आहे, परंतु तिथे कापड हाताला लागत नाही, आणि परत करण्याच्या भानगडीत न पडता न बसणारे कपडे ट्रंकेत साठवणारे विद्यार्थी मी बरेच पाहिले आहेत.

जाफर गेटच्या रविवारच्या आठवडी बाजाराचाही उल्लेख करायला हवा. जुन्या वस्तूंबरोबर तिथे वापरलेल्या कपड्यांचे ढीगही दिसतात. भांड्यांच्या बदल्यात घरोघरचे कपडे गोळा करणाऱ्या बोहारणींचा माल अशाच बाजारांत फिरतो. चिकाटी असेल तर जाड सुती जीन्स किंवा हिवाळ्याचे जाकीट अगदी कवडीमोलाने मिळू शकते. घरी आणल्यावर ते उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवावे आणि मग दुरुस्तीवाल्याकडे न्यावे. संकोच वाटणाऱ्यांनी जाऊ नये, पण संकोचाचे खरे कारण मला अजून कुणी नीट सांगितलेले नाही.

पादत्राणांच्या बाबतीत मात्र हा पट्टा निराशा करतो. कातड्याच्या नावाखाली विकले जाणारे रेक्झिनचे बूट पहिल्याच पावसाळ्यात पोपडे धरतात आणि वर नेटका शर्ट असूनही माणूस खालून उघडा पडतो. कपड्यांवर वाचलेले पैसे बुटांकडे वळवावेत, ते नामांकित कंपनीच्या दुकानातून वर्षअखेरीच्या सवलतीत घ्यावेत आणि तपकिरी रंगाचा एकच जोड घ्यावा, जो निळ्या आणि खाकी दोन्ही पँटवर चालतो. ब्लेझर शिवण्याच्या फंदात विद्यार्थ्याने पडू नये. कॅम्पस मुलाखतीपुरता तो या भागात भाड्याने मिळतो. अनामत रक्कम ठेवावी लागते, आणि नेण्यापूर्वी बाहीचे अस्तर फाटलेले नाही ना आणि खिशात मागच्या उमेदवाराचे हॉलतिकीट राहिलेले नाही ना, हे तपासून घ्यावे.